डागखोलीतली मिरगी

डोळे उघडले तवा माझ्या नाकावर बूट होता. काळा, चामड्याचा, आतून घामानं ओला. आमच्या लाइन इन्चार्जचा. अन् तो धरून बसली होती माझ्याच शेजारच्या टेबलावरची बाई. इन्चार्जनं पायातून काढून तिच्याकडे सरकवला होता. "हुंगव तिला. दाबून धर चांगला."

मी फरशीवर पडलेली. जीभ दाताखाली येऊन फाटलेली, तोंडात रगत. सलवार ओली. भोवताल वीस-पंचवीस मानसं गोल करून उभी. माझी ओढनी नीट करावी, एवढं बी कोनाले सुचलं नाही. इन्चार्ज खाली वाकला. मले वाटलं, आता इचारन, बाई बरं वाटते का. त्यानं माझ्या टेबलावरची पांढऱ्या शर्टांची थप्पी उचलली, उजेडात धरून पाह्यली अन् म्हनला, "मालावर काही उडालं नाही ना? नाही. बरं. हे खालचं पुसून घे आता."

मी पुसलं. डोकं फुटून राह्यलं होतं, पन पुसलं. माझंच मूत मी सगळ्यायपुढं पोतेऱ्यानं पुसलं. मंग मोरीत जाऊन पोतेरा धुतला अन् परत टेबलावर येऊन बसली. पाच वाजेपर्यंत काम केलं त्या दिवशी.

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत शर्ट शिवायची कंपनी हाय, तिथं मी कामाले. माहेर माझं पातूरकडचं, राहनं अमरावतीत. नवरा ऑटो चालवते, एक लेक हाय, दहावीत. पयले दोन वर्षं मी काजं-बटनावर होती. मंग हात साफ हाय म्हनून डागखोलीत टाकलं. शर्टावर मशीनच्या तेलाचे डाग पडते, ते काढाची ही खोली. हातात पिस्तुलावानी गन असते. गनच्या डबीत औषध, दिसाले पान्यासारखं. दाबलं की फवारा उडते अन् डाग गायब. आमी त्याले पानीच म्हनत होतो. नाव कोनाले ठाऊक नाही. निळ्या ड्रममधून कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यात भरून याचं. ड्रमवरचं लेबल खरडून टाकलेलं.

वास गोड होता. वाईट वाटाचा नाही, हेच तर वाईट. दुपारपर्यंत डोकं हलकं होये, उगीचच हसू ये. आमी बाया एकमेकीले म्हनत जाओ, "चढली का वं तुले?" फुकटची चढते म्हनून खिदळत होतो. किती बावळट होतो आमी! घरी गेलं की डोकं दुखे, उलटी होये. म्हनो, उन्हानं झालं असन.

खोलीले एक खिडकी, ती बंद. भिंतीत हवा बाहेर फेकाचा पंखा, तो बी बंद. काहून? तर पंखा लावला की दारातून कापसाची धूळ आत ओढल्या जाते अन् पांढऱ्या शर्टावर बसते. शर्टाले धूळ चालत नव्हती. आमाले ते पानी चालत होतं.

माझ्या आधी नसीम पडली होती. हे सांगाले मले जड जाते, पन सांगते.

नसीम बावीस वर्षांची पोरगी. घर अकोल्याचं, अमरावतीत मावशीकडे राहून कामाले ये. एक दिवस गन हातातच असताना तिचे डोळे फिरले अन् धाडकन आडवी झाली. हातपाय ताठ, तोंडाले फेस. पयली धावली मी. अन् मी काय केलं? माझ्या पायातली चप्पल काढली अन् तिच्या नाकाले लावली. आमच्याकडे तसंच करते. मिरगी आली की चामडं हुंगवा, नाही तर कांदा फोडून हुंगवा. आजीनं तसंच केलं, आईनं तसंच केलं. मी तिच्या मुठी जबरीनं उघडल्या. मले वाटलं मी लय पुन्याचं काम करून राह्यली. ती शुद्धीवर आली तवा सगळ्यायले मीच सांगतलं, "मिरगीवाली हाय पोरगी. घरच्यायनं लपवलं असन."

मी म्हनलं. कंपनी नंतर म्हनली. आठ दिवसात नसीम काम सोडून गेली, अन् तिची जमलेली सोयरीक मोडली असं कानावर आलं. मले वाईट वाटलं, पन थोडंसंच. चार महिन्यानं मीच त्या फरशीवर पडली.

दुसऱ्यांदा बी तिथंच पडली. एप्रिल महिना, खोलीत भट्टी, दार लोटलेलं. दुसऱ्या दिवशी गेटवर माझा पास ठेवून घेतला. "डॉक्टरचा कागद आन," म्हनले.

घरी नवऱ्यानं इचारलं, "खरं सांग, लहानपनी येत होती का तुले? तुया बापानं लपवून लगन लावून देल्लं का?" सतरा वर्षं झाली लग्नाले! मी बोलली, "नाही." त्याले पटलं नाही. माझ्यासमोर त्यानं पातूरले माझ्या आईले फोन लावला, स्पीकरवर. माय माझी रडू लागली. देवाच्या, लेकराच्या, साऱ्यायच्या शपथा घेऊन राह्यली अन् हा आयकून राह्यला. मले त्या दिवशी मरून जावं वाटलं. पन त्याले काय बोलू? मी बी नसीमच्या घरच्यायबद्दल हेच बोलली होती.

अन् मंग लेकीनं भांडे घासता घासता इचारलं, "आई, मले बी येईन का वं?"

सरकारी दवाखान्यात एक तरुन डॉक्टरीन बाई होत्या. त्यायनं डोक्याले तारा लावून मशीनवर पट्टी काढली, डोक्याचा फोटो काढला. दोन्ही साफ. त्या म्हनल्या, "पट्टी साफ आली म्हणजे आजार नाहीच, असं धरू नका. पण बंद खोलीत काही रसायनांची वाफ फार गेली, तर धडधाकट माणसालाही झटका येऊ शकतो. आणि ज्याला आधीच त्रास आहे, त्याचा वाढूही शकतो."

म्हनलं, "मंग तसं लिहून द्या ना मॅडम."

"ते पाणी कोणतं? नाव आणा. नावाशिवाय कसं लिहू?"

खोटं नव्हत्या बोलत त्या. तरी माझं डोकं सनकलं. तीन वर्षं मी जे नाकातोंडातून गिळलं त्याचं नाव मले ठाऊक नाही, हा बी माझाच गुन्हा! त्यायनं गोळ्या लिहून देल्या. फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही द्यायचं, हातपाय दाबून धरायचे नाही, नाकातोंडाले काही लावायचं नाही, हे संग आलेल्या नवऱ्याले समजावून सांगतलं. मी खाली मान घालून आयकत होती.

कंपनीच्या स्टोअरवाल्याले मी चहाच्या टपरीवर गाठलं. "भाऊ, त्या ड्रममधल्या पान्याचं नाव सांगा ना." तो हसला. "काहून, चहात टाकतं का?" सोबतचे बी हसले. मी तिथंच उभी राह्यली. मंग त्याचं हसू गेलं अन् हळूच म्हनला, "ताई, मले बी नाही माहीत. लेबल काढूनच येते माल." अन् कप अर्धा ठेवून निघून गेला.

आठ दिवसानं हापिसातून बोलावनं आलं. पर्सनलचे साहेब बाहेरगावचे, हळू आवाजात बोलनारे. समोर रिकामी खुर्ची होती. बस म्हनले नाही. "हे बघ, कंपनीला तुझी काळजी आहे. इथं सही कर. पॅकिंगला घेतो तुला, बसून काम आहे."

कागद टाइप केलेला होता अन् त्यायचा तळहात त्याच्यावर. म्हनलं, "हात काढा साहेब. वाचते."

"तुला वाचता येतं?"

"सातवी शिकली."

लिहिलं होतं की मला लहानपणापासून मिरगीचा आजार आहे. तो वंशपरंपरागत आहे. कामावर लागताना मी तो कंपनीपासून लपवून ठेवला. येथील कामाशी त्याचा काही संबंध नाही. ते वंशपरंपरागत मी दोनदा वाचलं. माझा वंश म्हंजे कोन? घरी भांडे घासून राह्यली ती पोरगी. हा कागद तिच्या जन्माले चिकटनार होता. उद्या कोनीबी काढून दाखवन, पाहा, हिच्या मायनं सही करून कबूल केलं हाय.

तरी खरं सांगते, सही करावी वाटली. पॅकिंगच्या हॉलले खिडक्या हायेत, हवा खेळते. नवऱ्याच्या एकट्याच्या ऑटोवर घर चालत नाही. हातात पेन घेतला होता मी. मंग म्हनलं, "दोन दिवस द्या."

साहेब म्हनले, "नसीमनं तर इथंच उभं राहून केली सही. पाच मिनिटांत."

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याची बस धरली. सगळ्या रस्त्यानं दांडा धरून बसली होती, बसमधीच पडली तर काय, या भेवानं. नसीम जुन्या शहरात राहते. घरीच साड्यायले पिको-फॉल करते. मले पाहून तिनं बस म्हनलं, चहा देल्ला, अन् मशीनवर जाऊन बसली.

"फिट येते का वं तुले आता?"

"एक बार भी नहीं आई. आठ महिने हो गये. गोली भी नहीं खाती मैं. बस वो कमरा छूटा."

म्हनलं, "नसीम, एवढंच लिहून दे. दोघी मिळून डॉक्टरीन बाईकडे जाऊ."

"नहीं दीदी. अब्बा फिर से रिश्ता देख रहे. मेरा नाम कहीं मत लिखना."

मंग मी माफी मांगतली. चपलेची. तिनं मशीन थांबवली नाही. म्हनली, "चप्पल का नहीं दुखता. तुमने सबके सामने मिरगीवाली बोला. वो अभी तक मेरे पीछे है."

चहा कसातरी संपवला अन् निघाली. बसस्टँडवर लोकायदेखत रडली. नसीमले दोष देऊ शकत नाही अन् तिच्याबिगर माझ्याजवळ दुसरं काहीच नाही, असं ते रडनं होतं. पन रडता रडता एक गोष्ट पक्की झाली. ती बी त्या खोलीतच पडली, मी बी. ती खोलीबाहेर गेली अन् बरी झाली. डॉक्टरले हे पुरनार नाही, मले माहीत हाय. मले पुरलं.

सकाळी हापिसात गेली. कागद तिथंच ठेवला होता, वर पेन.

"सही नाही करत."

"मग काम नाही."

"नको. त्या पान्याचं नाव सांगा."

"तुला काय करायचंय नाव घेऊन?"

"माझ्या आजाराचं नाव तुमी बराबर लिहिलं. माझ्या वंशात घातलं. मंग त्या ड्रमचंच काहून खरडलं?"

साहेबांनी बेल दाबली. वॉचमन आला अन् त्यानं माझं कोपर धरलं. मी म्हनलं, "सोड. मले चालता येते." डागखोलीच्या दारावरून बाहेर पडली. माझ्या टेबलावर नवी पोरगी बसली होती, नाकाले रुमाल बांधून. तिनं माझ्याकडे पाह्यलं अन् पुन्हा गन दाबली.

त्याच दिवशी मी माझ्या हातानं अर्ज लिहिला. अक्षर वाकडं, काना-मात्रा चुकलेल्या. कारखाने तपासनाऱ्या सरकारी हापिसात नेऊन देल्ला. बाबू म्हनला, "डॉक्टरचं पत्र आहे का? साक्षीदार?" म्हनलं, "नाही." "मग काही होत नसतं बाई." म्हनलं, "नाही होऊ द्या. पोच द्या." अर्धा तास टेबलासमोरून हलली नाही, तवा त्यानं शिक्का मारला.

नवरा बोलत नाही माझ्याशी. उद्या फिट येईन का परवा, मले ठाऊक नाही. आली तर येईन. पन मी जन्माची मिरगीवाली हाय, असं कोनत्याच कागदावर लिहून देनार नाही, मेली तरी नाही. दर सोमवारी त्या हापिसात जाते. बाबू हाकलते, मी पुन्हा जाते. इचारते एकच, त्या पान्याचं नाव काय. ती नवी पोरगी फरशीवर पडाच्या आधी मले ते नाव पायजे.