फिफ्टीन की फिफ्टी

बाईंच्या वर्गात पुस्तकी इंग्रजी चालत नसे. स्टेशनवरच्या घोषणा, रेडिओवरचं हवामान, दवाखान्याच्या फोनवरचा आवाज, सगळं त्या स्वतः रेकॉर्ड करून आणत. "खरी माणसं घाईत बोलतात, तोंडात घास असताना बोलतात," त्या म्हणत. "कानाला त्याचीच सवय लावा."

अलीकडे मात्र बाईंनाच कमी ऐकू येऊ लागलं होतं. जुनी रेकॉर्डिंग्ज तोंडपाठ होती, म्हणून कसंबसं निभावत होतं. कुणी नवं काही आणलं की त्या ते उद्यावर ढकलत.

एका दुपारी वर्गातली एक विद्यार्थिनी, घरोघरी जाऊन आजाऱ्यांची देखभाल करणारी नर्स, मोबाइल घेऊन पुढे आली. "बाई, पाण्याच्या टाकीजवळच्या आजोबांच्या डॉक्टरांचा निरोप आहे, आणि ते आता फोन उचलत नाहीत. गोळी बदललीय. फिफ्टीन मिलिग्रॅम म्हणतात की फिफ्टी?"

निरोपात मागे गाड्यांचा गोंगाट होता. बाईंनी दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा शब्दाचं शेपूट विरून गेलं. सगळा वर्ग त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"फिफ्टी," त्या म्हणाल्या.

घरी त्यांनी चहा टाकला आणि तो उतू जाताना नुसत्या बघत राहिल्या. मग नर्सला फोन लावला. पलीकडून कुणीतरी बोललं, पण कानात नुसती गुणगुण. नर्सच आहे की आणखी कुणी, तेही कळेना. तशाच त्या घरातल्या चपलांवर टाकीकडे धावत सुटल्या.

आजोबांच्या घराचं दार नर्सनंच उघडलं.

"गोळी दिलीस?"

"जेवण झालं की देणार. का हो?"

"देऊ नकोस. मला ऐकूच आलं नव्हतं. मी ठोकून दिलं."

नर्सनं तिथेच डॉक्टरांना फोन लावला. बाईंना फक्त तिचा चेहरा दिसत होता, आणि तो पांढरा पडत गेला.

"पंधरा," ती म्हणाली. "बाई, आजोबा दगावले असते."

"हो." बाई पायरीवर बसल्या.

बऱ्याच वेळानं नर्स बाहेर आली. राग ओसरला नव्हता, तरी शेजारी टेकली. बाईंच्या कानाशी वाकून म्हणाली, "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं. मी येते."

कानाचं यंत्र आलं, वर्गही चालू राहिला. नवं रेकॉर्डिंग आलं की बाई आधीच सांगत, "मला शेवटचं कळलं नाही. कुणाला कळलं?"