बसम्माला मिळालेले नऊ गुण

नेसरीची बसम्मा माझ्याशी कधी सरळ बोलली नाही, आणि मलाही ती आवडत नसे. १९७४ साली मी कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मधुमेह विभागाचा कारकून होतो. रोगी स्वतःच्या आजाराकडे किती लक्ष देतो हे मोजण्यासाठी डॉक्टरांनी वीस गुणांचा तक्ता केला होता. बारापेक्षा कमी गुण पडले की फुकट इन्सुलिन बंद. प्रश्न मी विचारायचे.

बसम्मा पन्नाशीची विधवा, कपाळावर विभूती. साखर कळावी म्हणून लघवी घरीच निळ्या औषधात उकळून तपासायची, इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची, सुई स्वतः टोचायची. याचे नऊ गुण मी दिले. उरलेले अकरा डॉक्टरांचे सांगणे पाळण्याचे होते. डोस मनाने बदलला की ते सगळे जात.

"डोस कधी बदलता?"

"सोमवारी. उपास असतोय. निम्मा घेतो."

"कुणाला विचारून?"

"पोटाला."

"आणि गाठोड्यात गूळ कशाला?"

"घाम सुटून डोळ्यापुढं अंधारी आली तर जिभंवर ठेवायला. तुला सुई टोचलीया व्हय कधी?"

मी फुली मारली. "नऊ."

"आन् ह्या मास्तराला?"

शेजारच्या बाकावर नृसिंह मास्तर बसले होते. पेन्शनर, वीसपैकी वीस. त्या दिवशी एकादशी होती आणि त्यांनी नेमून दिलेला पूर्ण डोस उपाशीपोटी घेतला होता. बोलता बोलता साखर उतरून त्यांना दरदरून घाम फुटला, हातातले गुणांचे कार्ड गळून पडले. कंपाउंडर येईपर्यंत बसम्माने त्यांच्या तोंडात गुळाचा खडा सारला होता. पंधरा मिनिटांनी मास्तर सावरले आणि मला म्हणाले, "माझे गुण कापू नका हो."

"घ्या! वीस गुणाचा बाप्या!" बसम्मा ओरडली. सगळी रांग हसली.

घडलेले सांगून मी दोन्ही कार्डे डॉक्टरांपुढे ठेवली. ते म्हणाले, "एकीला सूट दिली की उद्या सगळेच मनाने डोस घेतील. बाई, यापुढे बदलणार नाही म्हणून अंगठा उठवा आणि बाटली न्या."

असे अंगठे पुष्कळांनी उठवले होते. मी हळूच म्हणालो, "अक्का, उठवा. घरी कोण बघायला येतंय?"

तिने मुद्दाम आवाज चढवला. "खोटं बोललं की गुण वाढत्यात व्हय तुमच्यात? सोमवारी मेलो तर वीस देशील?"

अंगठा न देता ती निघून गेली. डॉक्टरांनी सांगितले तसे मी कार्डावर लिहिले, 'रुग्णाचे सहकार्य नाही.'

तिने म्हैस विकली आणि इन्सुलिन विकत घेऊ लागली. बऱ्याच वर्षांनी लक्ष्मीपुरीतल्या औषधाच्या दुकानात ती दिसली. इतक्या वर्षांच्या मधुमेहानंतरही पाय धड होते, नजर तीच.

"कशा आहात, अक्का?"

"का? गुण देतोस व्हय?" म्हणाली, आणि बाटली पदरात बांधून माझ्या अंगावरूनच बाहेर पडली.