पूर्वेकडे तोंड, मागे सूर्य

पाटलांनी बॉक्स कॅमेरा माझ्यापुढे आदळला आणि त्यावर एक फोटो ठेवला.

"तुमच्या कॅमेऱ्यानं माह्या मोठ्या जावयाचं तोंड काळं केलं. वापस घ्या."

फोटोत मांडव झकास, मागची धानाची बांधी झकास. पाटावरचं जोडपं मात्र कोळशाचं.

मी नागपूरच्या एका दुकानाचा फिरता सेल्समन होतो. वर्षभरात चांदा जिल्ह्यात माझा हा एकच कॅमेरा खपला होता, तोही सावली गावाजवळच्या ह्या खेड्यात. तो परत आला तर तुम्ही येऊ नका, असं मालकांनी बजावलं होतं.

"पाटीलभाऊ, सूर्य जोडप्याच्या मागे होता." आमच्या धंद्यात याला बॅकलाइट म्हणतात. उजेड पाठीवर पडतो, तोंडं अंधारात राहतात. साध्या कॅमेऱ्याला ते झेपत नाही. "संध्याकाळी त्यांना पश्चिमेकडे तोंड करून बसवा."

"पाटावरचं जोडपं पूर्वेलेच तोंड करून बसते. सूर्याले सांगा, इकडून ये म्हणून!"

त्याच दिवशी त्यांच्या धाकटीचं लग्न होतं. फोटोची वेळ पुन्हा दिवस कलतानाची. तेवढ्यात आहेराच्या ढिगात नवंकोरं पांढरं धोतर दिसलं. ते जोडप्यासमोर, लेन्सच्या खाली ताणून धरलं, तर ऊन त्यावर आपटून तोंडांवर येईल. पण इतकं सरळ सांगितलं तर मी सेल्समन कसला!

"भाऊ, ह्या कॅमेऱ्याला मान लागतो. तुम्ही न् नवरदेवाचे वडील, दोन्ही व्याह्यांनीच धोतराचं एकेक टोक धरायचं. दुसऱ्या कोणाचं चालत नाही."

सकाळपासून मानपानावरून अबोला धरलेले दोघं व्याही माझ्या दोन बाजूंना उभे राहिले.

"खाली घ्या ना जी," पाटील गुरगुरले.

"तुमीच वर घ्या ना," व्याही म्हणाले.

अबोला सुटला. मी लेन्सवर टोपीची सावली धरून खटका दाबला.

आठ दिवसांनी फोटो धुऊन आला. नवरीची नथसुद्धा दिसत होती. कॅमेरा राहिला, माझी नोकरीही राहिली. पंचक्रोशीतून तोंड काळं न करणाऱ्या कॅमेऱ्याला मागणी येऊ लागली. मालकांनी पत्र धाडलं, हे कोणतं मॉडेल? मी उत्तर लांबवलं.

फोटो हाती पडला त्या दिवशी पाटील मात्र तो उलटसुलट करून पाहत होते.

"समदं बराबर हाय. पण मी न् व्याही कुठी हावो?"

"तुम्ही धोतर धरून होता ना, भाऊ."

"मंग नागपूरले लिहा. धोतर सोताच धरते असा कॅमेरा पाठवा. दोन घेतो, एक व्याह्याले."

त्या दिवशी एक शिकलो. जे काम फोटोत दिसत नाही, ते फोटोचे पैसे देणाऱ्याला करायला लावू नये.