चार चमच्यांत दोन थेंब

माझ्या नवऱ्याला आजवर कधी काही झालेलं नाही. विंचू चावला तेव्हा काही झालं नाही, बैलाने पायावर पाय दिला तेव्हाही नाही. विचारलं की एकच उत्तर, "मले काई होत नाई." म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, रुपयाएवढा फिकट डाग उमटला तेव्हाही अर्थात काही झालेलं नव्हतं. मी म्हणे, दवाखान्यात दाखवा. तो म्हणे, शिबं आहे, जाईल. मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातली सगळी पोरं माझं ऐकतात, घरातला एक माणूस ऐकत नाही. त्या डागाची मला मनातून भीती वाटायची आणि भीती वाटली की मी जास्त भांडते, एवढं कबूल करते.

त्याच सुमारास गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावात बायकांच्या बचत गटाने गवती चहाचं तेल काढायला घेतलं. भट्टी आमच्या घरामागे. गवत डेगीत कोंबायचं, खालून जाळ, वाफेची नळी थंड पाण्यातून न्यायची, की जमलेल्या पाण्यावर पिवळसर तेल तरंगतं. भाराभर गवतातून हाती येतं बोटभर तेल, आणि वास मात्र अख्ख्या आळीला. आमची गाय पंधरा दिवस चहाच्या टपरीसारखी दरवळत होती.

माझं अक्षर बरं म्हणून बाटलीवरची चिठ्ठी लिहायचं काम माझ्याकडे आलं. शिकवायला आलेल्या बाईंनी सांगितलेलं मी तसंच उतरवलं: हे तेल नुसतं अंगाला लावू नये. चार चमचे खोबरेल तेलात दोन थेंब घालावे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. लाल झालं, खाजलं तर वापरू नये. डोळ्यांपासून आणि लहान मुलांपासून लांब ठेवावं.

गटाच्या अध्यक्ष असलेल्या काकूंना चिठ्ठी अजिबात पटली नाही. "दोन थेंबानं काय होते व? जळजळलं नाई तं गुण कसा येईन?" आमच्याकडे औषध म्हणजे झोंबलंच पाहिजे. झोंबलं नाही तर पैसे वाया गेले असं माणसाला वाटतं. तरी माझ्या धाकाने सगळ्या जणी कोपराला पातळ केलेलं तेल लावून दुसऱ्या दिवशी हात दाखवायला आल्या. मी शाळेत नखं तपासते तसे ओळीने हात तपासले. एकीला थोडं खाजलं, बाकीच्या ठीक होत्या.

नवरा हे सगळं ओट्यावरून बघत होता. दुपारी मी आत गेले तेवढ्यात त्याने बाटली उचलली आणि नुसतं तेल त्या डागावर चोळलं, चांगलं चमचाभर. शिबं एका दिवसात पळवायचं होतं त्याला. मी बाहेर आले तर हा हात पुढे करून हसतोय. "पाह्य, मले काई होत नाई."

अर्ध्या तासाने झालं. हात लाल झाला, आग आग व्हायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा तो "जळून राह्यलं" म्हणाला. मी खोबरेल तेलाने ते पुसून काढलं, साबणाने हात धुतला, आणि तोंडाचा पट्टा सुरूच होता. चिठ्ठी कोणासाठी लिहिली, गाईसाठी का? तोही बिचारा निमूट ऐकत होता. बघता बघता डागावर फोड आला.

"फोडावर जास्त जळते का?" मी विचारलं.

"नाई. तिथी काईच नाई. आजूबाजूले जळते."

मुलांना शिकवलेला एक धडा मला आठवला. मी त्याला डोळे मिटायला लावले आणि फुलवातीचं टोक त्याच्या हातावरून हळूहळू फिरवलं. मनगटाकडे लागलं की तो "हो" म्हणे, कोपराजवळ "हो" म्हणे. मग वात डागावर, फोडाच्या कडेने फिरवली. तो गप्प. परत फिरवली, जरा दाबून.

"लाव ना व," तो म्हणाला. "काऊन थांबली?"

मी थांबलेच नव्हते. वात त्याच्या हातावर होती.

दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर मागे बसून मी त्याला दवाखान्यात नेलं, पळून जाऊ नये म्हणून. डॉक्टरांनी तपासून सरळ सांगितलं, डाग बधिर आहे, म्हणजे कुष्ठरोगाची सुरुवात आहे. गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने न चुकता घ्यायच्या, माणूस बरा होतो. परत येताना वाटेत तो एवढंच म्हणाला, "कोणाले सांगू नको." मी नाही सांगितलं. गावाला तो शब्द नुसता ऐकू आला तरी आपल्या दारचं पाणी कोणी पिणार नाही, ही धास्ती त्याच्याइतकीच मलाही होती. मी पुस्तकातून मुलांना नेमकं उलटं शिकवते, याची लाजही वाटत होती.

गोळ्या संपत आल्या तेव्हा पुढच्या तेलाच्या बाटल्या भरल्या. चिठ्ठ्या लिहायला मी अंगणात बसले होते, गटातल्या बायका भोवती. नवरा ओट्यावरून उतरला आणि म्हणाला, "अजून एक ओळ लिही. अंगावर डाग असन तं हे तेल लावू नये. डाग दवाखान्यात दाखवावा."

काकू म्हणाल्या, "काऊन भाऊ? डागालेच तं लावतेत लोकं."

त्याने सदऱ्याची बाही वर केली. "मले कुष्ठरोग झाला होता. सहा महिन्यापासून गोळ्या खाऊन राह्यलो. तेल लावलं तवा डागावर जळलेलं समजलंच नाई."

कोणी उठून गेलं नाही. मी खाली मान घालून तीच ओळ लिहीत राहिले.

मग काकूंनी लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलं आणि पाय त्याच्यापुढे केला.

"मंग हा डाग पाह्य बरं, भाऊ," त्या म्हणाल्या. "तीन साल झाले याले."