दोनदा क्लिक करूनही

सानगडीत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. आपल्या हातून चूक होत नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती एका मासेमार बाईंनी मोडली, तीही आवाज न चढवता.

त्यांच्या महिला गटानं गावचा तलाव साफ केला होता. तलावभर माजलेली बेशरमाची झुडपं मुळासकट उपटली, गाळात देशी पाणवनस्पती लावल्या, मासळी परत आली. आता शेजारचा तलावही गटाला मिळावा, म्हणून साकोलीला पंचायत समितीच्या साहेबांपुढे हे काम दाखवायचं होतं. कार्यालयानं एकच फाइल मागितली होती. म्हणून वर्डमधल्या अहवालातच मी फोटोंचं प्रेझेंटेशन बसवून दिलं. चित्रावर दोनदा क्लिक केलं की ते सुरू व्हावं.

बैठकीच्या दिवशी सकाळी शटर वर करतो तोच बाई दारात.

"भाऊ, फाईल उघडूनच नाही राहिली. ग्रामपंचायतीतबी पाह्यलं. नुसता पह्यला फोटू दिसते."

"पेनड्राइव्हमधी व्हायरस असन," मी खेकसलो. "कुठंबी खुपसता अन् मंग माह्याकडं येता."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! माझ्या कॉम्प्युटरवरही तेच झालं. मूळ फाइल सापडत नाही, असा संदेश आला आणि घोळ माझ्या लक्षात आला. प्रेझेंटेशन घालताना मी लिंकच्या चौकटीत खूण करून बसलो होतो. म्हणजे अहवालात प्रेझेंटेशन नव्हतंच, ते माझ्या कॉम्प्युटरवर कुठं ठेवलंय याचा फक्त पत्ता होता. आणि माझ्या दुकानाचा शिरस्ता असा, की आठवडी बाजार उरकला की गिऱ्हाइकांच्या जुन्या फायली कायमच्या पुसायच्या. ही फाइलही मीच पुसली होती.

व्हायरसवर ढकलून मोकळं होता आलं असतं. मोह झालाही. पण बाई माझ्याकडं इतक्या भरवशानं बघत होत्या की जीभ रेटेना.

"बाई, तुमची काही चुकी नाही. मीच मिटवली."

त्या स्टूल ओढून बसल्या. "फोटू मोबाईलात हायेत ना. मी सांगतो, तुमी लावा."

मागच्या वेळी क्रम माझा होता: आधी तक्ते, शेवटी माणसं. या वेळी त्यांनी पहिलाच फोटो कमरेएवढ्या गाळात उभ्या बायकांचा निवडला.

"हा हललेला आहे," मी म्हणालो.

"हलनच ना. काढणारीचे पाय गाळात होते."

या खेपेला लिंकची खूण टाळली. मूळ फाइलचं नाव बदलून पाहिलं, तरी अहवालातलं प्रेझेंटेशन उघडलं. तोवर एसटी निघून गेली होती. दुकान बंद केलं आणि बाईंना मोटारसायकलवर बसवून साकोली गाठली.

साहेबांनी दोनदा क्लिक केलं. प्रेझेंटेशन उघडलं. पहिल्या फोटोवर ते बराच वेळ थांबले.

"यात तुम्ही कोणत्या?"

"मी नाही जी याच्यात. मीच फोटू काढून राहिली होती."

साहेबांनी सगळे फोटो पाहिले, दोन-चार प्रश्न विचारले, गटाच्या अर्जावर सही केली. कागद बाईंच्या हाती देत म्हणाले, "दुसऱ्या तलावाच्या वेळी फोटो दुसऱ्या कोणाला काढायला सांगा. तुम्ही दिसायला हव्यात."

बाईंना अर्थ कळायला क्षणभर लागला. मी मागच्या खुर्चीवर होतो; माझे डोळे त्याआधीच भरून आले होते.