घणाखालची बोली

देवाने मला गाण्यासाठीच घडवलं आहे, याविषयी लहानपणापासून मला कधी शंका आली नव्हती. उपासनेत मी वरचा सूर लावला की चेरीतालची कबुतरं उडायची आणि तिकडे अधारतालला कुणाची तरी म्हैस पान्हा सोडायची. यातलं थोडं कमी करून घ्या. पण जबलपूरच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत पहिला आवाज माझा, हे कुणालाही विचारा. शंका आली ती लढाईच्या दिवसांत, आणि आली ती कानांवाटे.

कारखान्यात मी घणखात्यात होतो. वाफेवर चालणारा आमचा घण लालभडक लोखंडावर पडला की घमापुरात दूध फाटतं, असं मी पाहुण्यांना सांगत असे. लढाई सुरू झाली, खिडक्यांना काळे कागद लागले, आणि घण थांबेनासा झाला. त्याच्याजवळ आवाज काढून बोलण्यात अर्थच नसतो. नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. माझ्यासमोर नागपूरचा गणपतराव उभा असे. त्याच्या सासूची एकूण एक भानगड मला त्याच्या ओठांवरून पाठ झाली होती, मिशी आड येत असूनही.

एका रविवारी चर्चमधून घरी येताना बायको म्हणाली, "अहो, बेसूर गाऊन राहिले होते तुम्ही."

"कोण, मी?"

"मग कोण? पेटी एकीकडे अन् तुम्ही एकीकडे. पेटीवाल्याने बिचाऱ्याने पट्टीसुद्धा बदलून पाहिली."

डॉक्टरांनी कान तपासले. घणाच्या आवाजाने वरचे सूर ऐकू येईनासे झालेत, ते परत यायचे नाहीत, म्हणाले. त्या दिवशी मी काही वाढवून सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ज्याच्यासाठी मला घडवलं तेच काढून घेतलं, तर मग मी कोण? ख्रिस्ती माणूस म्हणजे देवाच्या हातची घडण, असा उपदेश आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो. पण घडण एका कामासाठी करायची आणि ते काम मोडून टाकायचं, हा कुठला कारागीर? मला राग आला, आणि खरं सांगतो, रागापेक्षा कुतूहल जास्त. हे त्याने काहून केलं असेल?

मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि उलट मलाच विचारलं, "तुमच्या घणाखालचा तुकडा पुढे कशात बसतो हो?"

"ते आम्हाला सांगत नाहीत, साहेब. लढाईचं काम."

"तुकडा विचारतो का?"

"तुकड्याला तोंड कुठे असतं? मला आहे."

"ते सगळ्या जबलपूरला माहीत आहे," ते हसून म्हणाले. "मग विचारत राहा. देव काही कंटाळत नाही."

मी विचारत राहिलो.

त्याच सुमारास जखमी जवान गाडीने येऊ लागले. एका रिकाम्या केलेल्या शाळेत त्यांच्यासाठी वॉर्ड उघडला होता. मंडळीतल्या बायका तिथे संत्री घेऊन जात, एखादं गीत म्हणत. मला जायचं नव्हतं.

"काहून नाही येत?" बायको म्हणाली. "गाऊ नका. टोपली तर उचला."

टोपली घेऊन मी दारापाशी उभा राहिलो. बायकांचं गाणं सुरू झालं. वरचा सूर आला तेव्हा मला नुसती तोंडं उघडी दिसली. मी मान फिरवली. कोपऱ्यातल्या खाटेवर एक जवान होता. गळ्याला पट्ट्या, दोन्ही हात भाजलेले, कापसात गुंडाळलेले, एक पाय प्लास्टरमध्ये. तो डोकं उशीवर आपटत होता. नर्सदीदी त्याचे खांदे धरून समजावत होत्या, "आराम से, भैया, आराम से." त्याच्या गळ्यातून वारासुद्धा निघत नव्हता. ओठ मात्र हलत होते.

आणि ते मला ऐकू आले. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. भर घणाखाली गणपतराव ऐकू यायचा, तसे स्वच्छ. मराठीत म्हणत होता, पाय आवळतोय, पाय मरून चाललाय, सोडवा कुणीतरी.

मी टोपली खाली ठेवली की टाकली, आठवत नाही. नर्सदीदींना म्हणालो, "दीदी, प्लास्टर के अंदर पैर सूज गया है. बोल रहा है, मर रहा है."

"आपको किसने बताया?"

"इसने."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्या पायाच्या बोटांकडे. आणि धावल्या. डॉक्टर आले, प्लास्टर कापलं. प्रवासात पाय सुजला होता. आतून जांभळा पडला होता. डॉक्टर नंतर म्हणाले की आणखी थोडा उशीर झाला असता, तर पाय काढावा लागला असता. संध्याकाळच्या फेरीत त्यांनी स्वतःच ते पाहिलं असतं, कोण जाणे. मी चमत्काराची वकिली करत नाही. एवढंच सांगतो, की त्या खोलीत गाणाऱ्यांना गाता येत होतं, आणि त्याला हवा होता ऐकू न येणारा माणूस.

पुढच्या भेटीत तो उशीला टेकून बसला होता. मला पाहताच त्याचे ओठ हलले. तुम्ही कोण, पाव्हणं?

वाटेल त्या प्रश्नाला माझ्याकडे वाटेल तेवढं मोठं उत्तर तयार असतं. त्या वेळी मात्र मी त्याला संत्रं सोलून दिलं, फोडी करून भरवलं, आणि आवाज न काढता, त्याच्याच बोलीत म्हणालो, अजून कळायचं आहे.

तो हसला. बहुधा त्याला पटलं.

कान तसेच आहेत, घण तसाच. पण मी त्या कारागिराचे आभार मानतो. मला न विचारता तो माझं काहीतरी करतो आहे, आणि ते काय, हे पाहायची मला भारी उत्सुकता आहे. बदललं ते एवढंच, की आता मला डोळे मिटून प्रार्थना करवत नाही. बायको कोपराने ढोसते, "डोळे मिटा, लोक पाहून राहिले." पाहू देत. मी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत बसतो. कुणीतरी काही सांगत असेल.