चूक कबूल करायला शिकवणारे बोरकुटे सर

डॉ. यादवराव बोरकुटे सरांची आणि माझी पहिली भेट वीसेक वर्षांपूर्वी चिमूर तालुक्यातील एका पशुवैद्यकीय दवाखान्यात झाली. पशुवैद्यक पदवीचे शेवटचे वर्ष आंतरवासितेचे असते. त्यासाठी मी तिथे रुजू झाले. प्रथम श्रेणीचा थोडा तोराही होता. सरांनी गुणपत्रिका मागितली नाही. अंगणात बांधलेल्या एका लंगड्या बैलाकडे बोट दाखवून, त्याला हात न लावता जे दिसेल ते लिहून आणायला सांगितले. मी चार ओळी लिहिल्या. त्या वाचून त्यांनी मला आणखी तासभर उभे केले. दुसऱ्या खेपेला दोन पाने भरली.

दवाखान्यातले गमबूट पुरुषांच्या मापाचे होते. चिखलात माझा पाय त्यांतून निघून येई. आठवडाभरात सरांनी घुग्घुसच्या एका दुकानातून, जिथे खाणकामगार बूट घेतात, माझ्या मापाची जोडी आणली आणि माझ्या खुर्चीखाली ठेवली. मला ते पहिल्या दिवसापासून ‘डॉक्टर’ म्हणत, आणि गावकऱ्यांसमोर जरा मोठ्यानेच म्हणत.

माझे खरे शिक्षण मात्र एका चुकीतून झाले. कांताबाई नावाच्या शेतकरी बाईंची गाय तपासून, ती गाभण नाही, असे मी ठामपणे सांगितले होते. दोन दिवसांनी रात्री टिपणे चाळताना माझी चूक लक्षात आली. चार-पाच महिन्यांचा गर्भ पोटात खाली उतरतो आणि तपासणाऱ्याच्या हाताला सहज लागत नाही. मी तेवढे शोधलेच नव्हते. सकाळी सरांना सारे सांगितले. ते रागावले नाहीत. गाय कुठे आहे, एवढेच त्यांनी विचारले. भाकड समजून ती त्याच दिवशीच्या बाजारात विकायची ठरली होती. सरांनी लगेच स्कूटर काढली.

कांताबाई आणि त्यांचे दीर गाय घेऊन निघालेच होते. आम्ही त्यांना रस्त्यात गाठले. बोलणे सर करतील, असे मला वाटले होते. ते स्कूटरपाशीच थांबले.

“तुम्हीच सांगा, डॉक्टर.”

मी सांगितले. दीर चिडले, शिकाऊ पोरीच्या हाती जनावर देऊ नये, असे म्हणाले. कांताबाईंनी त्यांना थांबवले आणि मला विचारले, “मंग आता नक्की काय हाय, ते सांग मले.”

गाय गोठ्यात परत नेली. सर शेजारी उभे राहिले. त्यांनी स्वतः हात घातला नाही. घाई न करता गर्भाशयाची धमनी शोधायला त्यांनी सांगितले. गाभण असेल तर तिथे थरथर लागते. बऱ्याच वेळाने ती बारीक थरथर माझ्या बोटांना लागली. गाय गाभण होती. मग सरांनी तपासून मान डोलावली.

कांताबाई म्हणाल्या, “चुकली त चुकली, पन सांगाले आली ना. आता इचं बाळंतपन तूच करजो.” ते मीच केले. कालवड झाली.

त्या दिवशी परतताना सर म्हणाले होते, “न चुकणारा डॉक्टर मी पाहिला नाही. लपवणारे पाहिले.”

निवृत्तीनंतरही सर स्वस्थ बसलेले नाहीत. गडचिरोलीच्या जंगलभागातल्या शाळांत जाऊन ते बारावी विज्ञानाच्या मुलांना पशुवैद्यक प्रवेशाची माहिती देतात, परीक्षेचे अर्ज भरून देतात, गरज पडली तर गोंडीत बोलतात. एका मुलीने, रक्त पाहून भीती वाटते, असे सांगितले. पहिल्या वर्षी आपल्यालाही चक्कर आली होती, हे सरांनी तिला साऱ्या वर्गासमोर सांगितले. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे.

पंचाहत्तरीच्या या वर्षी सरांना उत्तम आरोग्य लाभो, गुडघ्यांची कुरकुर कमी होवो आणि त्यांच्या शाळांच्या फेऱ्या अशाच चालू राहोत. यात आम्हा विद्यार्थ्यांचा स्वार्थही आहे. एखादे जनावर हाताबाहेर जाऊ लागले की आजही आमचा पहिला फोन सरांनाच जातो. तो फोन उचलायला सर आम्हाला अजून पुष्कळ वर्षे हवे आहेत.